आठ फर्मे आणि वर एक पान

रोह्याहून दिव्याकडे जाणारी सकाळची गाडी नागोठण्याला थांबली आणि विशीतली एक मुलगी समोरच्या बाकावर येऊन बसली. आषाढ लागलेला. ओली छत्री तिनं पायाशी ठेवली, डब्याची पिशवी मांडीवर घेतली आणि फोन काढला. कासू येईपर्यंत मान वर केली नाही. अंगठा एका लयीत सरकत होता. मधेच थांबला, थोडा मागे गेला, पुन्हा पुढे आला. मागे जाणारा अंगठा मी ओळखते. एखादं वाक्य आत कुठेतरी लागलं की वाचणारा ते पुन्हा वाचायला परततो.

"काय वाचतेस गं?" मी विचारलं.

ती जराशी लाजली. "स्टोरी आहे. लव्ह स्टोरी." आणि थोडं थांबून म्हणाली, "मराठीच आहे पण."

पेणला कापडाच्या दुकानात ती कामाला जाते. कथेचे चौसष्ट भाग वाचून झाले होते. लेखिकेचं खरं नाव तिला ठाऊक नव्हतं, गावही नाही. पण तिची लेखिका रोज रात्री भाग टाकते आणि काल टाकला नव्हता, हे मात्र ठाऊक होतं. "बरं नसेल त्यांना," ती म्हणाली. तिच्या आवाजात घरच्या माणसासारखी काळजी होती.

मी स्वतः प्रेमकथा लिहिते. रोह्यात राहते, टोपणनावानं लिहिते. या अंकाच्या संपादकांनी 'गावातून बाजारात' हा विषय ठरवला, तेव्हा पेणच्या मूर्तींवर, पापडांवर, अलिबागच्या पांढऱ्या कांद्यावर लिहिणारे त्यांना सहज मिळाले. मला ते म्हणाले, "ताई, तुमच्या कादंबऱ्याही गावातूनच बाजारात जातात ना? त्या कशा जातात, ते लिहा." म्हणून मी पुन्हा एकदा त्याच वाटेनं निघाले. वाचनालय, छापखाना, डीटीपीचं दुकान, आणि शेवटी हा हातातला फोन. एक प्रश्न मला फार वर्षं छळतो आहे, तोही सोबत घेतला: माझ्या कादंबरीचं शेवटचं पान किती जणांनी वाचलं, हे मला कोण सांगेल?

मागच्या पानावरची पेन्सिल

पेणच्या वाचनालयात पावसाळ्यात एक ठरलेला वास असतो. ओल्या कागदाचा, डांबरगोळ्यांचा आणि खळीचा. देवघेवीच्या टेबलाशी बसणाऱ्या बाई तिथे पुष्कळ वर्षं आहेत. कोणत्या घरातून कोणती पुस्तकं जातात, हे त्यांना नोंदवहीशिवाय सांगता येतं. "प्रेमाच्या कादंबऱ्या कोण नेतं?" असं मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, "सगळेच. पण अर्धे दुसऱ्याच्या नावावर नेतात."

त्यांनी मला एक कपाट उघडून दिलं. ना. सी. फडके, कुमुदिनी रांगणेकर, योगिनी जोगळेकर, शकुंतला गोगटे, स्नेहलता दसनूरकर, चंद्रकांत काकोडकर. पुठ्ठ्याची जाड बांधणी, पाठीवर पांढऱ्या शाईत दाखल क्रमांक, आत तारखांची चिठ्ठी. काही चिठ्ठ्यांवर शिक्क्यांना जागा उरली नव्हती, म्हणून खाली दुसरी चिठ्ठी जोडलेली. आणि मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेले वाचकांचे शेरे. 'सुंदर.' 'शेवट पटला नाही.' 'नायिकेनं एवढं सोसायला नको होतं.' त्याच्याखाली वेगळ्या अक्षरात: 'सोसावं लागतं.'

वाचनालयाचा नियम असं लिहू नका म्हणतो, आणि बाई तो नियम सगळ्यांना सांगतातही. पण त्यांनी खोडरबर कधी हातात घेतलेला नाही. मराठी प्रेमकादंबरीवर अभ्यासकांनी फारसं लिहिलेलं नाही. तिची समीक्षा या मागच्या पानांवर झाली आहे. मला हे कपाट एखाद्या विद्यापीठाच्या दालनाइतकं मोलाचं वाटतं.

लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ सालची. म्हणजे मराठी कादंबरी जन्मल्यानंतर थोड्याच वर्षांत ती प्रेमाच्या अद्भुत गोष्टींकडे वळली होती. तेव्हापासून आजवर या प्रकाराला वाचक कधी कमी पडला नाही, मान मात्र कमी पडला. काकोडकरांचं उदाहरण तर ज्या दिवाळी अंकांच्या परंपरेत हा लेख येतो आहे, तिथलंच आहे. त्यांची 'श्यामा' १९६२ साली 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. पुण्याच्या दंडाधिकाऱ्यांनी सोडलं, मुंबई उच्च न्यायालयानं दोषी धरून पंचवीस रुपये दंड केला, आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांना निर्दोष ठरवलं. त्याच वर्षी त्यांच्या 'नीलांबरी'वरून केलेला 'दो रास्ते' हा हिंदी चित्रपट देशभर लागला. पंचवीस रुपयांच्या दंडासाठी एक लेखक दिल्लीपर्यंत गेला. आपलं लिखाण घाणेरडं नाही, एवढंच त्याला कागदावर लिहून हवं होतं. मला ती गोष्ट फार जवळची वाटते.

रोह्याला याहून मऊ आठवण आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख मूळचे रोह्याचे. याच चिंतामणरावांनी कालिदासाचं 'मेघदूत' मराठीत आणलं. देशाच्या तिजोरीचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला विरहाच्या ओळी मराठीत उतरवायला वेळ काढावासा वाटला. प्रेमकथा लिहिते म्हटल्यावर कुणी ओठ मुडपले की मी हे सांगते.

माझी स्वतःची पहिली कादंबरीही या वाचनालयात आहे. बाईंनी वहीत बोट फिरवलं. "बाहेर गेलंय," त्या म्हणाल्या. "महिना झाला. आलं की सांगते. त्याचं जरा कामही आहे."

पाचशे प्रती

ती कादंबरी २०१४ साली छापली. कशी छापली, ते सविस्तर सांगते, कारण लहान गावात राहून लिहिणाऱ्या बहुतेकींचा रस्ता हाच असतो.

मोठ्या प्रकाशकांकडे हस्तलिखित पाठवलं. एकाचं पोस्टकार्ड आलं, बाकीच्यांचं काही नाही. मग ओळखीतून एका छोट्या प्रकाशकाचं नाव कळलं. त्याचं नाव इथे घेत नाही. त्यानं चार दिवसांत होकार कळवला. होकारासोबत आकडाही कळवला. 'लेखकाच्या सहभागातून' असा शब्द होता. पाचशे प्रती, पस्तीस हजार रुपये; त्यातल्या शंभर प्रती मला, बाकीच्या तो विकणार, विक्रीवर दहा टक्के मानधन. मी एक पाटली मोडली. घरात कुणी अडवलं नाही, हे मुद्दाम नोंदवते.

पुस्तक कसं तयार होतं, हे मी त्या काळात शिकले. मोठ्या कागदाच्या तावावर दोन्ही बाजूंनी मिळून सोळा पानं छापली जातात. तो ताव घडी घालून झाला की त्याला फर्मा म्हणतात. छापखान्याचा सगळा हिशेब फर्म्यात चालतो. माझी कादंबरी बसली एकशे तीस पानांत. म्हणजे आठ फर्म्यांची एकशे अठ्ठावीस पानं, आणि वर पाठपोट दोन पृष्ठांचं एक सुटं पान.

"ताई, दोन पानं कमी करा," मुद्रक काका म्हणाले. "आठ फर्म्यांत बसवू. सुटं पान चिकटवावं लागतं आणि ते आधी निघतं."

त्या शेवटच्या दोन पृष्ठांवर नायिका कुंडलिकेच्या पुलावर उभी राहून त्याला हो म्हणते की नाही, ते होतं. मी एक ओळही काढली नाही. काकांनी मान हलवली आणि पान चिकटवलं. शिवून बांधलं असतं तर टिकलं असतं; पण शिलाईला खर्च येतो, आणि ठरलेल्या आकड्यात गोंदाची बांधणीच बसत होती.

माझ्या शंभर प्रती खोक्यांतून आल्या आणि पलंगाखाली गेल्या. प्रकाशनाच्या दिवशी तीस-चाळीस गेल्या. नात्यात, शेजारी, नवऱ्याच्या ऑफिसात काही गेल्या. उरलेल्यांना पहिल्या पावसाळ्यात वाळवी लागेल म्हणून मी खोकी उंचावर ठेवली. प्रकाशकाकडच्या चारशे प्रतींचं काय झालं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पहिल्या वर्षी फोन उचलला जायचा. "लायब्ररीला लावल्यात, ताई. अनुदान आलं की पैसे येतील." दुसऱ्या वर्षी उचलला गेला नाही.

यात खोटं सगळंच नव्हतं, आणि म्हणून ते सांगायला हवं. महाराष्ट्रात १९६७च्या कायद्यानं सार्वजनिक ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे अनुदान मिळतं आणि त्यातला ठरावीक भाग पुस्तकांवर खर्च करावा लागतो. छोट्या प्रकाशकांचा मोठा आधार हीच खरेदी आहे. ती वितरकामार्फत होते, वितरक छापील किमतीवर घसघशीत सूट मागतो, आणि पैसे अनुदानाच्या हप्त्यावर अवलंबून राहतात. प्रकाशकही अडकलेला असतो. पण त्याच्या अडचणीचा भार शेवटी लेखिकेच्या पाटलीवर पडतो, आणि किती प्रती गेल्या एवढंही तिला कळत नाही, हे मला मान्य नाही. पुस्तक खपलं नाही हे ऐकायची माझी तयारी होती. आकडा तरी हवा होता.

एका पानाचा करार

आमचा करार एका पानाचा होता. 'प्रस्तुत कादंबरीचे सर्व हक्क प्रकाशकाकडे राहतील.' खाली दोघांच्या सह्या. मुदत नाही, प्रदेश नाही, ई-पुस्तकाचा उल्लेख नाही. असा करार म्हणजे जन्माची गाठ, असं मी पाच-सहा वर्षं समजत होते.

मग पेणच्या एका वकीलबाईंनी मला १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं एकोणिसावं कलम समोर ठेवून वाचायला लावलं. तुम्ही लिहीत असाल तर हे घरातल्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवून ठेवा. हक्क देण्याचा व्यवहार लेखी आणि सहीनिशी असावा लागतो. कोणती कृती, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश, मोबदला किती, हे त्यात लिहिलेलं असावं लागतं. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. आणि घेतलेला हक्क एका वर्षात वापरलाच नाही, तर करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल, तर तो हक्क दिल्याचा करार संपतो. शिवाय २०१२च्या दुरुस्तीनंतर अठराव्या कलमात असंही आलं की, करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं किंवा व्यवहारात नव्हतं, त्याला तो करार आपोआप लागू होत नाही. त्या माध्यमाचं नाव करारात असावं लागतं.

माझी पाच वर्षं २०१९ साली भरली होती. मी रजिस्टर्ड पोस्टानं दोन ओळींचं पत्र पाठवलं: मुदत संपली आहे, हक्क माझ्याकडे परत आले आहेत. पोचपावती सही होऊन परत आली. उत्तर आलं नाही. ती गुलाबी पोचपावती मी पाटलीच्या रिकाम्या डबीत ठेवली आहे.

हमरापूरचे साचे

संपादकांच्या विषयासाठी म्हणून नव्हे, पण पेणला आले की मी हमरापूरला एक चक्कर मारते. आषाढात तिथे उसंत नसते. पेण शहरात रुजलेला मूर्तीचा धंदा हमरापूर, जोहे आणि आसपासच्या गावांत पसरला आणि घरोघरी कारखाने झाले. पावसामुळे मूर्ती वाळत नाहीत, म्हणून प्लास्टिकच्या ताडपत्र्यांखाली पंखे लावलेले असतात. एका रांगेत पांढऱ्या कच्च्या मूर्ती, दुसऱ्या रांगेत रंग चढलेल्या, आणि कोपऱ्यात डोळ्यांची आखणी करणारा एकटा माणूस. त्याच्याशी त्या वेळी कुणी बोलत नाही.

पुष्कळ कारखाने कच्ची मूर्तीच विकतात. रंगकाम मुंबई-पुण्याकडे होतं आणि भाव रंगवलेल्या मूर्तीला मिळतो. एका कारखानदार दादांना मी विचारलं की नवी मूर्ती घडवणाऱ्याला काय मिळतं. ते म्हणाले, "पहिल्या वर्षी मिळतं. दुसऱ्या वर्षी कुणीतरी आपलीच एक मूर्ती विकत नेतो, तिच्यावरून साचा पाडतो, आणि आपल्यापेक्षा स्वस्त विकतो. तक्रार कुणाकडे करणार? गणपती काय आपला एकट्याचा?"

हे मला तंतोतंत कळलं. माझ्या दुसऱ्या कादंबरीची पीडीएफ कुणीतरी टेलिग्रामवरच्या एका गटात टाकली. दोन दिवसांत ती तीन गटांत होती. पानांचे फोटो काढून बनवलेली, मधेच एका पानावर कुणाच्या तरी अंगठ्याची सावली. वाचणाऱ्या बायका मला चांगल्या शब्दांत कळवत होत्या की त्यांना ती आवडली. त्यांच्यावर रागावणं मला जमलं नाही. ज्यानं ती टाकली, त्याच्यावरचा राग अजून गेलेला नाही.

वाचकाला फुकट देण्याचा सरळ मार्गही आहे. 'ई साहित्य प्रतिष्ठान' लेखकाच्या परवानगीनं मराठी पुस्तकं विनामूल्य पीडीएफ करून हजारो वाचकांपर्यंत पोचवतं. लेखक स्वतः देतो आणि नावासकट देतो. माझ्या ओळखीच्या दोघीतिघींची पहिली पुस्तकं तशीच बाहेर पडली. त्यात पैसा नाही, पण फसवणूकही नाही.

दर्या आणि दऱ्या

हक्क परत आले, पण कादंबरी हातात नव्हती. छापखान्यातली फाइल श्रीलिपीत होती. आपल्याकडच्या छपाईचा सारा संसार वर्षानुवर्षं असल्या फाँटांवर चालला; त्यात पडद्यावर 'क' दिसतो, पण आत साठवलेला असतो भलताच संकेत. फोनला आणि किंडलला हवं असतं युनिकोड. मधलं भाषांतर एक छोटी प्रणाली करते, आणि ते करताना अक्षरं सांडते.

रोह्यात स्टँडजवळ डीटीपीचं दुकान चालवणाऱ्या दादांकडे मी सलग अकरा दिवस बसले. लग्नपत्रिका, सातबाराच्या झेरॉक्स आणि धाटाव एमआयडीसीतल्या कामगारांचे अर्ज यांच्या मधल्या वेळात आम्ही पानं दुरुस्त करत होतो. सगळ्यात जास्त घात केला अर्ध्या 'र'नं. सुकेळी खिंडीत गाडी थांबते आणि नायिका खाली दऱ्या बघते, असा एक प्रसंग आहे. रूपांतरानंतर ती दर्या बघत होती. लग्नघरात आचाऱ्यांना बोलावलं होतं, ते आचार्यांना बोलावल्यासारखं झालं. वाऱ्याचा वार्या, कोऱ्याचा कोर्या. प्रणाली ही चूक पकडत नाही, कारण 'दर्या'ही शब्द आहे आणि 'आचार्य'ही. तिथे मराठी वाचणारा डोळाच लागतो.

दादांनी एका पानाचे पाच रुपये घेतले. कामाच्या मानानं ते फार कमी होते. अकराव्या दिवशी त्यांनी विचारलं, "ती शेवटी हो म्हणते ना, ताई?" त्यांनी आठ फर्मे दुरुस्त करता करता वाचले होते.

मोजलेली पानं

अ‍ॅमेझॉननं किंडलवर मराठी पुस्तकांचं दालन २०१६ च्या डिसेंबरात उघडलं. हिंदी, तमिळ, गुजराती, मल्याळमबरोबर. त्याच्या आधीपासून 'बुकगंगा' मराठी ई-पुस्तकं विकत होतीच. किंडलवर लेखक स्वतःच पुस्तक चढवू शकतो. मुखपृष्ठ, मजकूर, बँकेचा खाते क्रमांक, पॅन. प्रकाशक नाही, पस्तीस हजारही नाहीत. मला दोन संध्याकाळी लागल्या.

कामाचं गणित असं आहे. विक्रीवर मानधनाचे दोन दर: पस्तीस टक्के किंवा सत्तर टक्के. भारतातल्या विक्रीवर सत्तर टक्के हवे असतील, तर पुस्तक नव्वद-नव्वद दिवसांच्या मुदतीनं केवळ त्यांच्याकडेच ठेवावं लागतं. त्या काळात त्याची ई-आवृत्ती दुसरीकडे कुठेच देता येत नाही. तसं ठेवलं की ते सभासदांच्या वर्गणीवाल्या ग्रंथालयातही जातं, आणि तिथे पैसे मिळतात ते वाचलेल्या पानांवर. पुस्तक कुणी उघडलं यावर नाही. वाचक किती पानं पुढे गेला यावर. एका पानाला मिळणारी रक्कम पैशांत मोजायची असते आणि दर महिन्याला थोडी बदलते. पैसे महिना संपल्यावर सुमारे दोन महिन्यांनी खात्यात येतात, न मागता.

पहिल्यांदा तो आलेख बघितला ती रात्र मला लख्ख आठवते. एका तारखेला एकशे एक्याण्णव पानं. किंडल पानं स्वतःच्या मापानं मोजतं. त्या मापानं माझी कादंबरी एकशे एक्याण्णव पानांची होती. म्हणजे कुणीतरी, कुठेतरी, एका दिवसात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कळलं की पुलावरचा प्रसंग कुणीतरी गाठला. त्या दिवसाची कमाई चहाच्या दोन कपांची होती. मी नवऱ्याला उठवून आलेख दाखवला.

पण सगळं सांगायचं तर पुढचंही सांगायला हवं. त्या वाचकाचं नाव मला कळणार नाही, आणि तिच्यापर्यंत पोचायचा रस्ताही माझ्याकडे नाही. दर त्यांनी ठरवायचा, मोजमाप त्यांचं, नियम बदलले तर ईमेल येतो. करही आहे. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. छापील पुस्तकाच्या ई-आवृत्तीवरचा कर २०१८ साली अठरा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आणला, पण जी कादंबरी कधी छापलीच गेली नाही, ती त्या सवलतीच्या व्याख्येत बसली नाही. ज्या लेखिकेला कुणी छापलं नाही, तिच्याच पुस्तकावर जास्त कर, हे अन्यायाचं आहे.

रोज रात्री एक भाग

गाडीतल्या मुलीच्या फोनवर होतं ते 'प्रतिलिपी'. बेंगळुरूत २०१४ साली सुरू झालेल्या या मंचावर भारतीय भाषांत कुणीही लिहू शकतं, आणि मराठीतल्या प्रेमकथांचा आजचा सर्वांत मोठा वाडा हाच आहे, असं मला तिथे लिहिताना आणि वाचताना जाणवलं. इथे कादंबरी एकशे तीस पानांची नसते. ती भागांची असते. ऐंशी, दीडशे, तीनशे भागांची. प्रत्येक भाग सात-आठ मिनिटांत वाचून होईल एवढा. स्वयंपाक उरकून मुलं झोपल्यावर, किंवा कासू ते पेण.

या मापानं लिखाण बदलतं. पहिल्या दोन ओळींत वाचणारीला कालच्या जागी आणून सोडावं लागतं आणि शेवटच्या ओळीत उद्याची ओढ ठेवावी लागते. जुनी कीर्तनकार मंडळी पूर्वरंग-उत्तररंगात जे सांभाळत, तसलंच हे कसब आहे, आणि ते सोपं नाही. मी एक कथा नव्वद भागांपर्यंत नेली. चाळिसाव्या भागानंतर मला ताप आला आणि तीन दिवस भाग गेला नाही. चौथ्या दिवशी दीडशे निरोप होते. काढा कसा करायचा, हेही एकीनं लिहिलं होतं.

पैसा इथेही येतो. काही कथांचे पुढचे भाग नाणी देऊन लगेच उघडतात, नाहीतर वाट पाहावी लागते. त्या मुलीला मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी वाट बघते. रोज एक उघडतो. पुरतो मला."

ज्या ताई महिन्याला चांगली रक्कम मिळवतात, त्या रोज लिहितात. रोज म्हणजे गौरीगणपतीतही, माहेरी गेल्यावरही. दोन भाग चुकले की वाचक दुसऱ्या कथेत जातो, हे भय त्यांच्या मानेवर असतं. मला नव्वद भागांनंतर थांबावं लागलं. माझी गोष्ट तिथेच संपत होती, आणि ती लांबवणं माझ्या हातून होईना.

दुकान बंद झालं तर

बाहेरच्या जगात हे सगळं आपल्या आधी होऊन गेलं आहे. अमेरिकेत ओहायो राज्यात 'एलोराज केव्ह' नावाची ई-पुस्तकांची संस्था २००० साली एका प्रेमकथा लेखिकेनं काढली. मोठे प्रकाशक तिच्या धीट कथा घेत नव्हते, म्हणून. पाठोपाठ २००५ साली 'सॅमहेन' निघाली. प्रेमकथेच्या वाचक भरभर वाचतात, पुष्कळ वाचतात, आणि मुखपृष्ठ कुणाला दिसू नये असंही पुष्कळींना वाटतं. म्हणून ई-पुस्तकाचा पाया तिकडे या बायकांनीच घातला. मग किंडल आलं, लेखिका स्वतःच पुस्तकं चढवू लागल्या, आणि मधल्या संस्थांची गरज आटली. 'एलोराज केव्ह' २०१६ संपताना बंद झाली, 'सॅमहेन' २०१७च्या सुरुवातीला. शेकडो पुस्तकं एका रात्रीत विक्रीतून गेली. ज्यांच्या करारात हक्क परत येण्याचं कलम स्वच्छ होतं, त्यांनी ती पुन्हा बाजारात आणली.

म्हणून आता माझ्या प्रत्येक पुस्तकाची युनिकोड फाइल, मुखपृष्ठ आणि कराराची प्रत अशा तीन गोष्टी मी दोन वेगळ्या ठिकाणी ठेवते. एक घरी, एक बहिणीकडे नागोठण्याला. नव्या छापील पुस्तकासाठी एक छोटाच प्रकाशक निवडला आहे. त्यानं तीन वर्षांची मुदत लिहून दिली, ई-हक्क माझ्याकडेच ठेवले, आणि दर मार्चअखेर प्रतींचा आकडा कळवायचं कबूल केलं. पहिल्या मार्चला आकडा आला. एकशे बारा. मी तो कॅलेंडरवर लिहून ठेवला.

बाईंचा निरोप

श्रावणाच्या तोंडाशी वाचनालयातून फोन आला. "तुमचं पुस्तक आलंय. येऊन बघा."

पुस्तकाची पाठ सुटलेली होती. तारखेच्या चिठ्ठीवर सत्तेचाळीस शिक्के. मी दोनदा मोजले. आणि काका म्हणाले होते तेच झालं होतं. आठ फर्मे जागेवर, वरचं एक पान नव्हतं. नायिका पुलावर चढते आणि गोष्ट तिथेच तुटते.

"कधी पडलं, कळलं नाही," बाई म्हणाल्या. "पण मागे बघा."

मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'शेवटचे पान नाही. कोणी आधी वाचले असल्यास कृपया लिहावे.' त्याच्याखाली निळ्या शाईत, ठसठशीत, एकेक अक्षर सुटं काढणाऱ्या हातानं, अकरा ओळी. पूल, पाऊस, त्याची छत्री, तिचं हो म्हणणं. माझं एक वाक्य जवळजवळ जसंच्या तसं होतं. एक वाक्य माझं नव्हतं: परत जाताना ती चपला हातात घेते, असं त्या बाईनं लिहिलं होतं. त्याखाली आणखी तीन हस्ताक्षरांत 'आभारी आहे', 'धन्यवाद ताई', आणि नुसती एक तारीख.

मी घरून शेवटचं पान छापून आणलं होतं. बाईंनी खळ दिली. पान त्याच्या जागी लावून, वर वजन म्हणून जाड शब्दकोश ठेवून आम्ही दोघी बसलो. पुस्तक बांधणीला पाठवायचं होतं, आणि बांधणारा मागचा पुठ्ठा बदलतो.

"पुठ्ठा हाच ठेवायला सांगा," मी म्हटलं.

"सांगितलंय," बाई म्हणाल्या.